आईंच्या पेशी कमी झाल्या, गोळ्या बंद करू का?

पत्र: ताई, आम्ही शिंदखेडा तालुक्यातले. सासूबाई 61 वर्षांच्या आहेत. छातीची कॅन्सरची गाठ काही वर्षांपूर्वी काढली होती, आता तोच आजार कमरेच्या मणक्यात निघाला. नाशिकच्या डॉक्टरांनी किमो न देता दोन गोळ्या लिहून दिल्या: पाल्बोसिक्लिब 125 आणि लेट्रोझोल. पहिला महिना नीट गेला. दुसऱ्या महिन्याच्या आधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी 2400 आल्या. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर थांबा, परत रिपोर्ट काढा." त्यांच्याकडे गर्दी होती, जास्त काही विचारता आलं नाही. तेव्हापासून दोन्ही गोळ्या बंद आहेत. सुरतचे दीर म्हणतात, जे औषध रक्तच खातं ते औषध कसलं, बंदच करा. नाना म्हणतात, महाग आहे तर एक दिवसाआड देऊ. नणंदेच्या ओळखीतल्या अमळनेरच्या एक बाई अशीच गोळी सुटी न घेता रोज दोनदा घेतात, मग आमचंच असं का? मामांनी पेशी वाढवायचा काढा आणून ठेवलाय. माझी मुलगी धुळ्याला बीएस्सी करते. ती म्हणते, या गोळीने पेशी विभागणाऱ्या कायनेज बंद होतात, पण त्या तर सगळ्याच पेशींत असतात, मग आजीच्या बाकीच्या अंगाचं काय? आणि आई स्वतः म्हणतात, "माले हाई गोळी नही खानी." किमो दिली नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का? पुढच्या पंधरवड्यात घरी कानबाई आहे, तीसेक माणसं येतील. काय करू? – एक सून

ताई, उत्तर उलट्या टोकापासून देते, कारण तुमच्या पत्रातलं जे वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात तेच मला सगळ्यात जास्त खटकलं: "दोन्ही गोळ्या बंद आहेत." डॉक्टरांनी थांबवली असेल ती पाल्बोसिक्लिब. लेट्रोझोलला सुटी नसते. ती रोज एक, महिन्याचे सगळे दिवस, पाल्बोसिक्लिबच्या सुटीच्या आठवड्यातसुद्धा चालू ठेवायची असते आणि पेशी कमी-जास्त झाल्या म्हणून ती सहसा थांबवत नाहीत. हा घोटाळा घरोघरी होतो. दोन्ही गोळ्या एकाच पिशवीत, एकाच डब्यात, त्यामुळे "गोळ्या थांबवा" ऐकलं की सगळंच थांबतं. आजच दवाखान्यात फोन लावा आणि एवढंच विचारा: "लेट्रोझोल चालू ठेवायची ना?" डॉक्टर भेटले नाहीत तर तिथल्या सिस्टरला विचारा, केस पेपर काढून त्या सांगतील.

आता रिपोर्ट. 2400 हा आकडा बघून घर हादरलं, पण डॉक्टरांनी बघितला तो आकडा दुसराच होता. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाली बारीक अक्षरात न्यूट्रोफिल 35 टक्के असं आहे. 2400 चे 35 टक्के म्हणजे 840. जंतूंशी सगळ्यात आधी भिडतात त्या या न्यूट्रोफिल पेशी, आणि पाल्बोसिक्लिबचा पुढचा महिना सुरू करायला त्या निदान 1000 लागतात. 840 म्हणजे थोडं खाली. अशा वेळी गोळी थांबवायची, आठवड्याभरात रक्त पुन्हा तपासायचं आणि आकडा हजाराच्या वर गेला की सुरू करायचं, हा या औषधाचा ठरलेला नियमच आहे. डॉक्टरांनी नेमकं तेच केलं. वेळ नसल्यामुळे समजावून सांगितलं नाही, ही त्यांची चूक धरा हवी तर, पण निर्णय बरोबर आहे. पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की हा गुणाकार तुम्हीच करून बघत जा. बऱ्याच लॅब हा आकडा 'अॅब्सोल्यूट न्यूट्रोफिल काउंट' म्हणून वेगळा छापतातही.

हे आईंच्याच नशिबी आलं असंही नाही. या औषधाची जी मोठी चाचणी 2016 साली प्रसिद्ध झाली तीत 666 बायका होत्या. पाल्बोसिक्लिब आणि लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी दर तिघींतल्या दोघींच्या न्यूट्रोफिल पेशी आईंसारख्याच हजाराच्या खाली गेल्या होत्या. पण पेशी कमी होऊन वर ताप चढला, अशा बायका शंभरात दोनच्या आसपास. काउंट पडणं नेहमीचं, त्यातून संकट येणं क्वचित. दिरांना हे दोन्ही आकडे एकत्र सांगा. नुसता पहिला सांगितलात तर ते रात्रीच्या गाडीने येऊन गोळ्या फेकून देतील.

तुमच्या मुलीने मात्र फार नेमकं विचारलंय, तिला शाबासकी द्या. तिच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, तुम्हीही वाचा.

कायनेज म्हणजे एका प्रथिनावर फॉस्फेटचा बारीकसा तुकडा चिकटवणारं दुसरं प्रथिन. तुकडा चिकटला की त्या प्रथिनाचं वागणं बदलतं: काही कामाला लागतात, काही काम सोडतात. आपल्या शरीरात अशी पाचशेहून जास्त कायनेज आहेत. त्यांतल्या एका घराण्याचं नाव सीडीके, म्हणजे सायक्लिनवर अवलंबून असलेली कायनेज. सायक्लिन नावाचं प्रथिन येऊन चिकटल्याशिवाय यांना काम करता येत नाही. पेशीत ही कायनेज साधारण कायम हजर असतात, सायक्लिन मात्र वेळ आली की तयार होतं आणि काम झालं की नष्ट केलं जातं. पेशीने कधी विभागायचं याची शिस्त या येण्याजाण्यावर चालते.

हे सापडलं कुठे, तर यीस्टमध्ये आणि समुद्रातल्या जिवांत. अमेरिकेतल्या लेलंड हार्टवेल यांनी पाव फुगवायच्या यीस्टमध्ये, पेशीचं विभाजन अर्धवट अडकवणारी जनुकं शोधली. इंग्लंडच्या पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये यातलं मुख्य जनुक ओळखलं आणि 1987 मध्ये दाखवलं की ते जनुक बिघडलेल्या यीस्टला माणसाचं जनुक दिलं तरी ते विभागायला लागतं. टिम हंट यांना 1982 च्या उन्हाळ्यात सी अर्चिन या काटेरी समुद्री जिवाच्या अंड्यांत एक प्रथिन दिसलं, दर विभाजनाच्या वेळी गायब होणारं आणि नंतर परत जमा होणारं. तेच सायक्लिन. तिघांना मिळून 2001 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या मुलीचे सर वर्गात ही नावं घेतीलच, पण त्या शोधातून निघालेली गोळी आपल्याच घरातल्या फडताळात आहे हे किती जणींना कळतं?

आता तिचा मुद्दा: हे तर सगळ्या पेशींत असतात. असतात. पण या घराण्यात माणसात वीसेक जण आहेत आणि पाल्बोसिक्लिब त्यांतल्या दोघांनाच धरते, चौथ्या आणि सहाव्याला. यांचं काम विभाजनाच्या अगदी सुरुवातीचं. आरबी नावाचं एक प्रथिन पेशीला डीएनएची नक्कल काढण्यापासून रोखून धरतं (लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरवरून त्याचं नाव पडलं, कारण तिथे ते बिघडलेलं असतं). चार आणि सहा नंबरच्या कायनेज आरबीवर फॉस्फेट चिकटवतात, आरबीची पकड सुटते आणि पेशी पुढे सरकते. त्यानंतरची कामं सीडीके 2 करतं आणि प्रत्यक्ष दोन तुकडे व्हायच्या वेळी सीडीके 1. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की चार आणि सहा नसले तरी शरीरातल्या पुष्कळ पेशी दुसऱ्या मार्गाने विभागत राहतात, पण सीडीके 1 नसेल तर काहीच चालत नाही. म्हणजे 1 ला हात न लावता नुसते 4 आणि 6 अडवले तर शरीराला ते सोसतं. पूर्वी जवळजवळ सगळ्याच सीडीके बंद करणारी औषधं करून पाहिली होती, त्यांचा त्रास माणसांना सोसेना.

आईंचा कॅन्सर इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसणारा आहे. इस्ट्रोजेनमुळे त्या पेशींत सायक्लिन डी वाढतं आणि सायक्लिन डी हेच चार-सहाचं जोडीदार. तेव्हा त्या पेशी याच वाटेवर नको तितक्या अवलंबून असतात. लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही, पाल्बोसिक्लिब पुढचं पाऊल अडवते. दोन गोळ्या का, याचं उत्तर हे. आणि म्हणूनच लेट्रोझोल बंद पडली तर अर्धा उपचार बंद पडतो.

मग रक्तच का कमी होतं? कारण हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी तयार होताना त्यांना सहाव्या नंबरची फार गरज लागते. किमो तिथल्या विभागणाऱ्या पेशी मारून टाकते. ही गोळी मारत नाही, थांबवते. भुसावळच्या आउटरला गाडी उभी राहते ना, सिग्नल नाही म्हणून? इंजिन चालू, डबे शाबूत, सिग्नल पडला की निघाली. मगजातल्या पेशींचं तसंच आहे. गोळीची सुटी आली की त्या पुन्हा विभागायला लागतात आणि काउंट वर येतो. 21 दिवस गोळी आणि 7 दिवस सुटी हे गणित त्यासाठीच बसवलेलं आहे. तेव्हा "रक्त खातं" हे दिरांचं म्हणणं चूक आहे. नवीन रक्तपेशी काही दिवस कमी तयार होतात, एवढंच.

नानांना माझा नमस्कार सांगा, पण एक दिवसाआड नको. तो हिशेब औषधाच्या कुठल्याच तक्त्यात नाही. डोस कमी करायचाच झाला तर त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: 125 वरून 100, 100 वरून 75. ते डॉक्टर करतील. पैशाचं म्हणाल तर नानांची काळजी खोटी नाही. पण जानेवारी 2023 मध्ये या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं आणि तेव्हापासून बऱ्याच भारतीय कंपन्यांची पाल्बोसिक्लिब बाजारात आली आहे. भाव पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरले आहेत आणि कंपनीगणिक फरकही मोठा आहे. मेडिकलवाला जे देईल ते घेऊन निघू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "यातलं परवडणारं आणि तुम्हाला भरवशाचं कुठलं?" असं विचारायला संकोच कसला? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून यातलं काय बसतं ते योजनेतल्या दवाखान्यात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन जाऊन विचारा. हे काम दिरांना द्या. फोनवरून सल्ला देण्यापेक्षा त्यांचा उपयोग होईल.

अमळनेरच्या बाई बहुधा अबेमासिक्लिब घेत असतील. तीही याच चार-सहाला धरणारी, पण ती रोज दोन वेळा, मध्ये सुटी न घेता चालते. तीत रक्त कमी पडण्यापेक्षा जुलाबाचा त्रास जास्त. तिसरी रायबोसिक्लिब, ती पाल्बोसिक्लिबसारखीच 21 दिवस घेऊन 7 दिवस सुटी, पण तिच्यासाठी हृदयाचा ईसीजी काढून बघावा लागतो. तिघी बहिणी, तिघींचे नियम वेगळे. एकीचं बघून दुसरीने गोळी घ्यायची नाही.

काढ्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. मामांनी प्रेमाने आणलाय, ठीक. पण त्यात काय काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं नाही, म्हणजे डॉक्टरांना तुम्ही काय सांगणार? पाल्बोसिक्लिब यकृतात मोडली जाते आणि तिथल्या त्या यंत्रणेत दुसऱ्या कशाने ढवळाढवळ केली की रक्तातलं औषध एकदम वाढतं किंवा एकदम घटतं. "पेशी वाढवायला" म्हणून लोक सर्रास गुळवेल देतात, आणि गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. बाटली बाजूला ठेवा. मामा दुखावतील असं वाटत असेल तर माझं नाव सांगा.

आणि काढ्याहूनही जास्त भीती मला गावातल्या मेडिकलची वाटते. पावसाळ्यात आपल्याकडे जांघेत नायटा होतो, माणूस दुकानात जातो आणि इट्राकोनॅझोलच्या गोळ्या घेऊन येतो, चिठ्ठी कोणी मागत नाही. त्या गोळ्यांनी पाल्बोसिक्लिब रक्तात वाढते आणि काउंट आणखी खाली जातो. घशासाठी देतात त्या क्लॅरिथ्रोमायसिनचंही तेच. उलट टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन घेतली तर पाल्बोसिक्लिबचा असर उतरतो. फळांत टाळायचं ते ग्रेपफ्रूट आणि त्याच जातकुळीचं पपनस. केळी खुशाल खाऊ द्या. बीट, खजूर, पपईच्या पानाचा रस यांनी न्यूट्रोफिल वाढत नाहीत. आईंना खजूर आवडत असेल तर आवडतो म्हणून द्या.

गोळी घ्यायची रीतही एकदा बघून घ्या. तुमच्याकडे कॅप्सूल असेल तर ती जेवणासोबत घ्यायची, रोज साधारण एकाच वेळी, फोडून पावडर पाण्यात घालायची नाही. उलटी झाली किंवा एखादा दिवस चुकला तर त्याच दिवशी जास्तीची द्यायची नाही, दुसऱ्या दिवशीची वेळ गाठायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाल्बोसिक्लिबच्या 21 दिवसांना लाल पेनाने गोल करा आणि लेट्रोझोलसाठी रोज निळी फुली मारा. आता थांबवलेला आठवडाही तिथेच लिहून ठेवा, म्हणजे पुढचा महिना कधीपासून मोजायचा यावर घरात वाद होणार नाही.

किमो दिली नाही म्हणजे हात टेकले? उलट आहे. हार्मोनवर चालणारा हा आजार हाडात पसरला आणि लगेच जिवाला धोका नसला तर आज जगभर आधी हाच उपचार देतात, किमो मागे राखून ठेवतात. ज्या चाचणीबद्दल वर लिहिलं तीत नुसती लेट्रोझोल घेणाऱ्यांचा आजार मध्यावर 14.5 महिने आटोक्यात राहिला, दोन्ही घेणाऱ्यांचा 24.8 महिने. मध्यावर म्हणजे निम्म्या बायकांचा त्याहून जास्त काळ, निम्म्यांचा कमी. आई कोणत्या निम्म्यात, हे रिपोर्ट बघून कोणी सांगू शकत नाही. आजार मुळापासून जाईल असं मी म्हणत नाही, आणि तुम्हाला तसं कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

राहिल्या आई स्वतः. "नही खानी" म्हणाल्या, पण का, ते पत्रात नाही. मळमळतं म्हणून? तोंडात फोड आलेत? की नाना पैशाचं बोलताना त्यांच्या कानावर गेलं? आपल्याकडच्या बायका घराला खर्च नको म्हणून असं म्हणतात आणि आपण तो हट्ट समजतो. दुपारी दोघीच असताना विचारा. मळमळ, फोड, थकवा यांवर उपाय आहेत. पैशाचं असेल तर नानांनी त्यांच्यासमोर बसून बोलावं. आणि सगळं समजून घेऊनही त्या नको म्हणाल्या, तर ते डॉक्टरांसमोर बोलायचं, घरातल्या घरात निकाल लावायचा नाही.

ताप मात्र विसरू नका. घरात थर्मामीटर नसेल तर आज आणा. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला, थंडी वाजून आली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: "पाल्बोसिक्लिब चालू आहे, न्यूट्रोफिल कमी आहेत, आधी सीबीसी करा." सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी. औषधाचं रिकामं खोकं पिशवीत ठेवा, नाव तोंडात बसत नसेल तर ते पुढे करा.

नवा रिपोर्ट हजाराच्या खालीच आला तर डॉक्टर आणखी थांबवतील, कदाचित पुढच्या वेळी 100 ची गोळी देतील. डोस उतरला म्हणून गुण उतरला असं या औषधात आतापर्यंत दिसलेलं नाही, तेव्हा त्यावरून घरात रडारड नको.

आणि कानबाई. बसवा की! आईंना गाण्यांत बसू द्या, रोटही खाऊ द्या, फक्त ताजा आणि हात धुऊन वाढलेला. दळण-कांडण, रात्रभराचं जागरण आणि विसर्जनाची गर्दी यंदा सुनांनी सांभाळावी. काउंट हजाराच्या खाली असेल तर आईंची बैठक दाराशी, वाऱ्याला ठेवा. पाहुण्यांत कोणी शिंकत-खोकत असेल त्याला ओट्यावरच चहा द्या, मग तो भाऊबंदकीतला कितीही मोठा मानकरी असो.